इंग्रजी महिन्यांची संक्षिप्त रूपे: तीन अक्षरांचा नियम सगळीकडे चालत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंग्रजीत महिन्याचे नाव थोडक्यात लिहायचे म्हणजे पहिली तीन अक्षरे घ्यायची आणि पुढे टिंब द्यायचे, हा समज इतका पक्का झाला आहे की त्यात काही चुकत असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. भाषांतर आणि मुद्रितशोधनाच्या कामामुळे इंग्रजी अर्ज, अहवाल आणि निमंत्रणे रोज माझ्या नजरेखालून जातात. गेल्याच आठवड्यात तपासलेल्या एका दोन पानी अर्जात सप्टेंबर तीन तऱ्हांनी आला होता: एकदा पूर्ण, एकदा 'सेप' आणि एकदा 'सेप्ट.' असा. शिवाय 'मे'पुढे टिंब होते आणि 'जून'चे शेवटचे अक्षर गाळून तिथेही टिंब दिलेले होते. अर्जदाराचे इंग्रजी एरवी चांगले होते, म्हणून तर हे जास्त खटकले.

टिंब हे अक्षरे गाळल्याची खूण असते. इंग्रजीत 'मे' मुळातच तीन अक्षरांचा आहे; त्यात काहीच गाळलेले नाही, तेव्हा त्यापुढे टिंब देणे ही सरळ चूक ठरते. जून आणि जुलै ही नावे चार-चार अक्षरांची आहेत. त्यांतले एक अक्षर काढून त्याच जागी टिंब ठेवले तर जागा तेवढीच लागते आणि नाव मात्र अर्धवट राहते. हस्ताक्षरात तर ही दोन तोडलेली रूपे एकमेकांपासून शेवटच्या अक्षरानेच वेगळी ओळखायची असतात, आणि घाईत लिहिलेले ते अक्षर नीट लागेलच असे नाही.

असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या लेखननियमांत याचा विचार नेमका केलेला दिसतो. मार्च ते जुलै हे पाच महिने वाक्यात कधीच संक्षिप्त करायचे नाहीत, कारण त्यांतले एकही नाव पाच अक्षरांहून मोठे नाही. उरलेल्या सात महिन्यांची संक्षिप्त रूपे टिंबासह लिहायची. त्यांत सप्टेंबरची चार अक्षरे घ्यायची आणि बाकीच्यांची तीन. पण हेही केव्हा, तर महिन्याला दिवसाचा आकडा जोडलेला असेल तेव्हाच. 'जॅन. ५' चालते, 'जानेवारी २०२४' किंवा 'गेल्या जानेवारीत' असे म्हणायचे असेल तर पूर्ण नाव लिहायचे. माझ्या अनुभवात सर्वाधिक चुका याच ठिकाणी होतात. नोकरीचा कालावधी सांगणाऱ्या वाक्यात दिवस नसतो, नुसता महिना आणि वर्ष असते, आणि नेमके तिथेच नाव तोडले जाते. ब्रिटिश लेखनात टिंब बऱ्याचदा गाळतात, तेही योग्यच आहे. मात्र एका कागदावर एकच पद्धत हवी.

खरे तर मराठीत आपल्याला हे उपजतच कळते. आपण 'जाने.', 'फेब्रु.', 'सप्टें.', 'डिसें.' लिहितो, पण मार्च, मे, जून ही नावे तोडावीत असे आपल्या मनातही येत नाही.

तीन अक्षरी रूपांना त्यांची स्वतःची जागा आहे. तक्ते, आलेख, दिनदर्शिका, छापील अर्जांतले चौकोन आणि संगणकीय नोंदी यांत प्रत्येक महिन्याला सारखीच जागा मिळावी लागते, म्हणून तिथे बाराही महिने तीन-तीन अक्षरांत, टिंबाशिवाय लिहिलेले शोभतात. संगणकाच्या बाबतीत तर एका अक्षराचा फरकही महाग पडतो. मार्च २०२१ मध्ये आलेल्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १६व्या आवृत्तीत ब्रिटिश इंग्रजीसाठी सप्टेंबरचे संक्षिप्त रूप 'सेप'ऐवजी 'सेप्ट' झाले, आणि जुन्या रूपावर विसंबलेल्या प्रोग्रॅमना सप्टेंबरच्या तारखा वाचता येईनात. जानेवारी किंवा फेब्रुवारीत घेतलेल्या चाचणीत असा दोष दिसतही नाही.

संक्षिप्त रूपे नकोच, नुसते आकडे लिहू, हा उपाय मला पटत नाही. ०३/०४ हा दिनांक ब्रिटिश वाचकाला ३ एप्रिल वाटतो आणि अमेरिकी वाचकाला ४ मार्च. महिना अक्षरांत असला की हा घोळच होत नाही.

आणखी काही बारकावे आहेत. संक्षिप्त रूपाचेही पहिले अक्षर मोठ्या लिपीतच हवे, नाहीतर 'मार' किंवा 'मे' हे इंग्रजीतले दुसरेच शब्द होतात. अमेरिकी क्रमाने 'फेब. १४, २०२४' लिहिताना दिवसानंतर स्वल्पविराम लागतो, ब्रिटिश क्रमाने '१४ फेब २०२४' लिहिताना तो लागत नाही. वाचताना मात्र दोन्हीकडे 'फेब्रुवारी' असेच पूर्ण म्हणायचे.

आपल्या दैनिकात विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी पत्रांचे आणि अर्जांचे नमुने छापताना वाक्यातला दिनांक आणि तक्त्यातला दिनांक हे दोन्ही शेजारी शेजारी दाखवावेत, अशी माझी मनःपूर्वक विनंती आहे.

आपला नम्र,
एक मुद्रितशोधक