मुंगसाच्या डोक्याला पट्टी

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर सांगितलंस ते अजून डोक्यातून जात नाही. सिंह आणि सशाची गोष्ट तू रंगवून सांगितलीस. सिंहाने विहिरीत डोकावलं, स्वतःच्याच प्रतिबिंबावर डरकाळी फोडली, उडी घेतली, धप्प! आता छोटी टाळ्या पिटणार म्हणून तू थांबलास, तर ती म्हणाली, "बाबा, त्याला वर कोण काढणार?" तू म्हणालास, "कोणीच नाही, तो दुष्ट होता ना." त्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपून गेली. आणि तू माझ्यामागे लागलास, की आई, ज्यातून काहीतरी चांगलं शिकायला मिळेल अशा प्राण्यांच्या गोष्टींची यादी करून दे.

यादी काही मी देणार नाही. पण फोनवर आपलं बोलणं नेहमी गॅसवर ठेवलेल्या दुधापाशी येऊन तुटतं, म्हणून बसून लिहितेय.

आधी तुझी एक समजूत काढून टाकते. या गोष्टी मुळात गोड नाहीत. पंचतंत्रातला विष्णुशर्मा तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणं करून सोडायचा विडा उचलतो, तो राज्य चालवता यावं म्हणून. पाच तंत्रांतल्या पहिल्याचं नावच मित्रभेद, म्हणजे जमलेली मैत्री फोडायची कशी! त्यात बगळा माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो म्हणून फसवून एकेक करून गिळतो आणि शेवटी खेकडा त्याची मान कापतो. हे दरबारातलं सामान आपण उचलून पाळण्याशेजारी आणून ठेवलं. मग मूल भिंतीकडे तोंड करून झोपलं तर त्याचं काय चुकलं?

आणि न्यायाचं म्हणशील तर त्यातही गंमत आहे. त्याच मित्रभेदात दमनक नावाचा कोल्हा सिंह आणि बैलाची जिवाभावाची दोस्ती चहाड्या करून तोडतो, बैल मरतो, आणि दमनक मजेत सिंहाचा मंत्री होऊन राहतो. हे पुस्तक सहाव्या शतकात इराणात पोचलं, आठव्या शतकात तिथून अरबीत गेलं. करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांचे तिकडे कलिला आणि दिमना झाले. त्या अरबी पुस्तकात एक प्रकरण जास्तीचं आहे, संस्कृतात नसलेलं: दिमनावर खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. दमनक सुटला हे कोणाला तरी सहन झालं नाही. तेव्हा तुझी लेक सिंहाला विहिरीतून वर काढायला निघाली असेल, तर ती काही जगावेगळं करत नाही. तिला दोर दे.

तू काय कमी होतास! हंस आणि बडबड्या कासवाची गोष्ट आठवते का? दोन हंस चोचीत काठी धरून उडतात, कासव ती तोंडाने मधोमध धरून लटकतं, खालचे लोक गलका करतात, याला राहवत नाही, तोंड उघडतं आणि संपतं. ती ऐकल्यावर तू एक अख्खी दुपार दातांत पेन्सिल धरून घरभर फिरलास. जेवायला हाक मारली तरी नुसता "ऊं, ऊं." मला वाटलं, वा, बडबड कमी करावी हे पोराला बरोबर कळलं. संध्याकाळी पेन्सिल काढलीस आणि पहिलं वाक्य काय, तर "आई, जे खालून ओरडले त्यांना कोण रागावलं?" मी निरुत्तर. पुस्तकात तात्पर्य होतं की नको तेव्हा बोलू नये. तुला मात्र दिसत होतं की वर लटकलेल्याला खालून डिवचू नये. आता सांग, यातलं खरं तात्पर्य कोणतं?

मला तर वाटतं तात्पर्य ही चीज गोष्टीला मागून शिवलेल्या ठिगळासारखी असते. इसापाच्या गोष्टी बघ ना. एकच गोष्ट वेगवेगळ्या संग्रहांत सापडते आणि खाली शिकवण निराळी. ज्याने गोष्ट उतरवली त्याने त्या दिवशी जे मनात होतं ते चिकटवून दिलं.

ससा आणि कासव मात्र मी तुला चुकीच्या दिवशी सांगितली, ते मला अजून खुपतं. पहिलीत होतास. धावण्याच्या शर्यतीत शेवटचा आलास, बूट न काढता कॉटवर बसून राहिलास. मी आपली समजूत काढायला गेले, की अरे, सावकाश पण न थांबता चालणारा जिंकतो. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "पण आई, आमच्यातलं कोणीच झोपलं नव्हतं."

त्या गोष्टीत कासव जिंकतं ते ससा झोपतो म्हणून, हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. हरलेल्या मुलाला ती गोष्ट सांगू नये असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. हरलेल्याला आधी बूट काढायला मदत करावी. ससा-कासव सांगायचीच तर जिंकून आल्यावर सांग, तेव्हा सशाची बाजू नीट कळते.

त्यापेक्षा सिंह आणि उंदीर चांगली. लहान मूल दिवसभर मोठ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवरून जग बघतं. जाळ्यात अडकलेला सिंह आणि त्याला सोडवणारा एवढासा उंदीर म्हटल्यावर त्याची छाती फुगते. तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. फक्त उंदीर जाळं कुरतडतो ना, तिथे घाई करू नकोस. एकेक दोरी तुटू दे. कट्. कट्. तू मोजायला लावायचास.

आता तुला एक सांगते, ते तुला कदाचित आठवत नसेल. मला आठवतं, कारण चूक माझी होती.

तू सहा वर्षांचा असशील. मी बाहेरून आले तर टेबलावरच्या माझ्या कामाच्या वहीवर शाईची दौत आडवी, दोन दिवसांचं लिहिलेलं निळ्या थारोळ्यात, आणि तू शेजारीच उभा. मी विचारलंसुद्धा नाही. फाडकन एक लगावली. तू रडला नाहीस, "मी नाही" असंही म्हणाला नाहीस, नुसता बघत राहिलास. अर्ध्या तासाने खिडकी लावायला गेले तर कठड्यावर निळे ठसे. मांजरीचे पंजे. पहिले ठळक, मग फिकट, मग शेवटी नुसते ठिपके, बाहेरच्या झाडाकडे गेलेले.

मी काही बोलले नाही. मोठ्या माणसांना अशा वेळी भलतंच काम सुचतं. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. रात्री दिवा मालवल्यावर तू म्हणालास, "मुंगसाची सांग."

मुंगसाची म्हणजे पाचव्या तंत्रातली, अपरीक्षितकारक. न तपासता केलेलं काम. आई बाळाला पाळण्यात ठेवून पाणी आणायला जाते, घरात पाळलेलं मुंगूस असतं. साप येतो, मुंगूस त्याचे तुकडे करतं आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने दारात धावत येतं, बघ मी काय केलं ते सांगायला. आईला वाटतं, याने माझं बाळ खाल्लं. हातातली भरलेली घागर ती त्याच्यावर घालते. आत जाऊन बघते तर बाळ खेळतंय.

मी सांगत गेले आणि घागरीपाशी माझा आवाज बसला. तू अंधारात विचारलंस, "मग ती त्याला सॉरी म्हणाली का?"

"अरे, ते मेलं होतं."

तू थोडा वेळ गप्प. मग म्हणालास, "मी नाही मेलो."

तुला जवळ घेऊन सॉरी म्हटलं, किती वेळा ते आठवत नाही. तू दोनदा "बरं" म्हणालास आणि झोपून गेलास. मी जागीच होते. आजवर मी ती गोष्ट तुला शिकवण म्हणून सांगत आले होते, की घाईने काही करू नये रे बाळा. प्रत्यक्षात ती आईची गोष्ट आहे. घागर आईच्या हातात असते.

तेव्हापासून मी शेवटचं वाक्य सोडून दिलं. "म्हणून बाळा आपण..." असं सुरू झालं की मुलाचे डोळे कसे विझतात ते बघ एकदा. गोष्ट संपली की गप्प बसायचं. दोन मिनिटं अगदी अवघड जातात, आपल्या जिभेला खाज सुटते. पण त्या दोन मिनिटांत ते पोर स्वतः काहीतरी उचलत असतं. कधी काहीच उचलत नाही, पाय खाजवतं आणि पाणी मागतं. द्यावं पाणी.

बाकी बारीकसारीक. तीच गोष्ट दहा रात्री मागेल, कंटाळू नकोस, आणि हुशारी करून त्यात बदल तर मुळीच करू नकोस. चिऊताई दार उघडत नाही म्हणजे नाही. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे" हे ज्या क्रमाने काल म्हटलंस त्याच क्रमाने आज म्हण, नाहीतर ती तुला मध्येच अडवेल. बदल तिने केले तर मात्र मुकाट्याने घे. तू एका पावसाळ्यात कावळ्यासाठी चिऊच्या मेणाच्या घराला मागचं दार काढलं होतंस. मी विचारलं, मागून कशाला? तर म्हणे, पुढून चिऊला राग येईल.

थोडी मोठी झाली की खरे प्राणीही दाखव. तिथे गोष्टी उलट्यासुलट्या होतात आणि मुलांना ते फार आवडतं. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा ते पिल्लू आपलंच समजून भरवत बसतो, हे कळलं तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. म्हणालास, "म्हणजे याच्याकडे कोणीही राहू शकतं." सुगरण पक्ष्याला आपण सुगरण म्हणतो, पण घरटं विणतो तो नर. आणि तहानलेला कावळा तर अगदीच खोटा नाही निघाला. २००९ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांपुढे अर्धवट भरलेली नळी ठेवली, पाण्यावर तरंगती अळी. त्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. लहान खड्यांपेक्षा मोठे उचलावेत हेही त्यांना लवकरच कळलं. अडीच हजार वर्षांचा इसाप म्हणतात, कोणास ठाऊक, बसून बघत होता की काय.

मुंगीचा तेवढा फार उदोउदो करू नकोस. टोळ गातो आणि मुंगी राबते, मग थंडीत टोळ दाराशी येतो आणि मुंगी त्याला नाचायला सांगते. कष्टाळूपणाच्या नावाखाली ही गोष्ट दाराशी आलेल्याला हाकलायला शिकवते, असं माझं मत आहे. तुझे बाबा म्हणायचे मी जास्त विचार करते. असेल.

आता विहिरीतल्या सिंहाचं. आज रात्री ती गोष्ट पुन्हा सांग, आणि धप्प झाल्यावर तिलाच विचार की वर कसं काढायचं. दोर, शिडी, हत्तीची सोंड, ती सांगेल ते. ससा जवळ उभा राहून घाबरला असेल का, हेही विचार. सिंह वर आल्यावर सशाला खाईल की नाही, यावर तुमचं भांडण झालं तर मला कळव, मला ऐकायचंय.

सोबत तुझं जुनं पुस्तक पाठवतेय. पाठीचा कणा सुटलाय, मी दोऱ्याने शिवलाय. प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत तात्पर्य छापलेलं आहे आणि त्यांतल्या बऱ्याच चौकटींवर तू पेन्सिलने ढग, विमानं आणि एक बहुतेक जहाज काढून ठेवलंयस. मुंगसाच्या पानावरची घागर तू खोडलीस आणि मुंगसाच्या डोक्याला पट्टी बांधलीस, पट्टीवर अधिकचं चिन्हसुद्धा आहे. छोटीने पुस्तक फाडलं तरी हरकत नाही. ते एक पान मात्र आधी फोटो काढून मला पाठव.

तुझी,
आई