डेटाबेसच्या सुरक्षेत ‘मूळ सेटिंग’च निर्णायक

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

माहितीच्या गळतीची बातमी आली की चर्चा पासवर्डभोवती फिरते. डेटाबेस आणि ॲप्लिकेशन यांच्यामधल्या नेटवर्कवरून तीच माहिती अनेक संस्थांत एन्क्रिप्शनविना, म्हणजे सांकेतिक रूपात न बदलता, वाहत असते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. मी अनेक वर्षे डेटाबेस व्यवस्थापनाचे काम करत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसमध्ये 2013 पर्यंत नेटवर्क एन्क्रिप्शन ‘ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी’ या स्वतंत्र परवान्यात मोडत असे, त्यामुळे ‘बजेटमध्ये बसत नाही’ हे तेव्हाचे उत्तर समजण्यासारखे होते. त्या वर्षी कंपनीने ही सोय सर्व परवानाधारकांना विनाशुल्क दिली. तरीही ती अनेक ठिकाणी बंदच आहे, कारण सर्व्हर (डेटाबेस चालवणारा) आणि क्लायंट (त्याला जोडणारे ॲप्लिकेशन) या दोन्हींची मूळ सेटिंग ‘ॲक्सेप्टेड’ असते. समोरच्याने मागितले तरच एन्क्रिप्शन द्यायचे, असा तिचा अर्थ. दोघांपैकी कोणीच मागत नाही आणि कनेक्शन उघडेच जोडले जाते. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘रिक्वायर्ड’ लिहिले की हे थांबते. पण तसे केल्यावर एखादे जुने ॲप्लिकेशन बंद पडले, तर मध्यरात्री फोन डेटाबेस व्यवस्थापकालाच (डीबीए) येतो. न केल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारत नाही. माझ्या मते दुर्लक्षाचे खरे कारण हेच आहे, अज्ञान नव्हे.

उलट उदाहरण मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसचे. जानेवारी 2017 मध्ये इंटरनेटवर पासवर्डविना उघडे असलेले हजारो डेटाबेस पुसून खंडणी मागण्यात आली. त्याच वर्षीच्या 3.6 आवृत्तीपासून सर्व्हर मुळातच फक्त स्वतःच्या यंत्रावरची कनेक्शन स्वीकारू लागला. तो बाहेर खुला करायचा, तर आता कोणाला तरी तसे ठरवून करावे लागते.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 मध्ये वाजवी सुरक्षा उपाय न केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. दंडाच्या धाकाने संस्था हालतील, पण लेखापरीक्षकाने ‘एन्क्रिप्शन आहे का?’ या प्रश्नापुढची ‘होय’ची खूण पाहून पुढे जाऊ नये. ती खूण पुष्कळदा केवळ संकेतस्थळापुरती खरी असते. डेटाबेसशी चालू असलेल्या सत्रांपैकी (कनेक्शनपैकी) किती एन्क्रिप्टेड आहेत, हे खुद्द डेटाबेसलाच विचारता येते आणि त्याला काही मिनिटे लागतात. नागरी सहकारी बँकांच्या तपासणीत रिझर्व्ह बँकेने हे उत्तर लेखी मागावे, तसेच एन्क्रिप्शन सक्तीचे करताना बंद पडणाऱ्या जुन्या ॲप्लिकेशनची जबाबदारी एकट्या डीबीएवर न टाकता संचालक मंडळाने ठराव करून स्वीकारावी, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक डेटाबेस व्यवस्थापक, पुणे