वजन उतरल्याचा फोटो कितव्या वर्षीचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लठ्ठपणाची शस्त्रक्रिया टिकते की नाही, यावर आपल्या पत्रस्तंभात सध्या दोन टोकांची मतं वाचायला मिळताहेत. एकाला तो चमत्कार वाटतो, तर दुसऱ्याच्या मते पैसे पाण्यात, वजन परत चढतंच. आकडे दोघेही देतात, पण आकडा कितव्या वर्षीचा हे कुणीच सांगत नाही. ऑपरेशननंतर साधारण दीड-दोन वर्षांत वजन तळ गाठतं आणि हायवेवरच्या होर्डिंगवर फोटो लागतो तो नेमका तेव्हाचा.

टक्केवारीतही मेख आहे. उंची १६० सेंटिमीटर, वजन ११० किलो, म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ४३, अशी बाई धरा. बीएमआय २५ च्या वरचं ते 'जास्तीचं' वजन, तिच्या बाबतीत ४६ किलो. तिचं वजन ३० किलो उतरलं की जाहिरात ६५ टक्के घट म्हणते. एकूण वजनाच्या हिशेबात ती २७ टक्केच भरते. पुढे दहा किलो परत चढले की घट १८ टक्क्यांवर आणि बीएमआय ३५ वर. फोटो काढण्यासारखं काही उरत नाही, हे खरं. पण स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० रुग्णांचा आणि न झालेल्या जवळपास तितक्याच लोकांचा माग ठेवला गेला, त्यात वीस वर्षांनंतरची सरासरी घट एवढीच होती : १८ टक्के. शस्त्रक्रिया न झालेल्यांची जेमतेम १. आणि २००७ साली हिशेब मांडला तेव्हा वय वगैरे जमेस धरून शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूंचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी निघालं. त्यातली बहुतेक ऑपरेशनं जठर आवळण्याच्या, आता जवळपास बंद पडलेल्या पद्धतींची होती. त्यातल्याच बायपासवाल्यांची (जठर लहान करून आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळणारी शस्त्रक्रिया झालेल्यांची) घट दहा वर्षांनी २५ टक्के होती. तेव्हा 'काही उपयोग नाही' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

आपल्याकडे सर्रास होते ती 'स्लीव्ह'. दुर्बिणीतून जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. भुकेचं संप्रेरक जिथे सर्वाधिक तयार होतं तो वरचा फुगीर भागही जातो, म्हणून पहिलं वर्ष भूक जणू विसरल्यासारखी होते. मात्र नळीत दाब वाढतो आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेला नैसर्गिक कोन मोडतो. त्यामुळे आम्ल वर येतं. फिनलंडमध्ये २४० रुग्णांवर स्लीव्ह आणि बायपासची तुलना झाली. दहा वर्षांनी एंडोस्कोपीत (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत) अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के, बायपासवाल्यांत ७ टक्के आढळला. ज्याला आधीच रात्री उशी उंच करून झोपावं लागतं, त्याने एंडोस्कोपी न करता स्लीव्हला होकार देऊ नये. बायपासमध्ये जठराची अवघी ३० मिलिलीटरची पिशवी राहते आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वळसा घालून टाळला जातो. तिथे आम्लाचा त्रास कमी. पण लोह, कॅल्शियम, बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि गुडघेदुखीसाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकने जठर-आतड्याच्या जोडाजवळ अल्सर होऊ शकतो.

आता वजन परत का चढतं ते. 'जठर पुन्हा ताणलं' हे उत्तर सोपं आहे आणि काही जणांच्या बाबतीत खरंही आहे. पण आधी ताट पाहावं. लहान जठर अडवतं ते घट्ट अन्नाला : उसळ, पनीर, बांगड्याचा तुकडा. चहात बुडवलेली खारी, तोंडात विरघळणारे वेफर, आइस्क्रीम यांना ते अडवत नाही. हे पदार्थ सरळ खाली घसरतात. दुपारी दोन घासांत पोट भरलं म्हणणारा माणूस संध्याकाळभर मूठमूठ शेव-चिवडा खाऊन हजार कॅलरी सहज पोटात ढकलतो. शाकाहारी घरात अडचण दुप्पट. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि एका वेळी मावतं वाटीभर. ती वाटी पातळ वरणाने भरली तर पदरात पडतात जेमतेम पाच ग्रॅम. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. म्हणून ताटात आधी पनीर किंवा घट्ट उसळ, मग भाजी, भात शेवटी, उरलीच जागा तर. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, शरीराचा रोजचा कॅलरींचा खर्च आणखी घटतो आणि पुढचं वजन अधिकच लवकर चढतं.

मधुमेहाची गतही तीच. त्याच स्वीडिश अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही रोगमुक्त म्हणावेत असे होते, पंधरा वर्षांनी ३० टक्के. आजार नवा असेल तर फळ जास्त. पंधरा वर्षं इन्सुलिनवर असलेल्याला तेच आश्वासन देणं बरं नव्हे. (वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनी हा वाद मिटेल असं मानणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की त्यातलंच एक, सेमाग्लुटाइड, थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं.)

एक धोका मात्र वर्षांचा नाही, आठवड्यांचा आहे, आणि मुंबईत ऑपरेशन करून गणपतीला गावी गेलेल्याला तो नेमका गाठतो. दीड-दोन महिन्यांनी उलट्या सुरू होतात, अन्न टिकत नाही, गावचा डॉक्टर सद्हेतूने ग्लुकोजचं सलाईन लावतो. शरीरातला बी-१ जीवनसत्त्वाचा साठा तोवर आटलेला असतो. ग्लुकोज उरलंसुरलं बी-१ वापरून टाकतं. मग दोन-दोन दिसू लागतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळतो आणि उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. 'आधी बी-१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोज' ही ओळ डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत छापायला खर्च तो किती?

आता खर्चाचं. विमा नियामकाच्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा किमान ३५ आणि सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार असेल तर ऑपरेशनचा खर्च मान्य होतो. पॉलिसीतला प्रतीक्षा काळ मात्र तपासून घ्यावा. पण त्यानंतर जन्मभर लागणारं कॅल्शियम सायट्रेट, त्यापासून दोन तास लांब घ्यायचं लोह, बी-१२ आणि दरवर्षीची रक्ततपासणी हा सगळा ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता होणारा खर्च, आणि बहुतेक पॉलिसींत ओपीडी नाही. तिसऱ्या वर्षी रुग्ण तपासणीला येईनासा होतो. मग त्याचं वजन किती परत चढलं, हे रुग्णालयाच्या आकड्यांत दिसणार तरी कुठून? रुग्णालयाला विचारायचं ते एवढंच : पाच वर्षांपूर्वी शंभर जणांची ऑपरेशनं केलीत, त्यातल्या किती जणांचं आजचं वजन तुमच्याकडे लिहिलेलं आहे?

आपला,
एक आहारतज्ज्ञ, मुलुंड, मुंबई