याकिनिकूला रात्रभर मुरवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी जपानी याकिनिकू, म्हणजे जाळीवर किंवा तव्यावर भाजलेले बीफचे काप, करण्याची कृती वाचली. मराठी वृत्तपत्रात बीफची कृती आडपडदा न ठेवता छापली गेली, याबद्दल आधी आभार. पण त्या कृतीत मांस रात्रभर मुरवायला सांगितले आहे, मसाल्यात कच्च्या पपईचा गर घालायला सांगितला आहे आणि मांस काढून घेतल्यावर भांड्यात उरलेला मसाला तसाच वाटीत घेऊन बुडवायला सांगितले आहे. पहिल्या दोन सूचनांनी पदार्थ बिघडेल, तिसरीने खाणारा आजारी पडेल. म्हणून हे जरा सविस्तर पत्र.

गडबड कुठे झाली असेल याचा अंदाज येतो. याकिनिकूची मुळे कोरियन आहेत. सम्राट तेन्मूने इ. स. 675 मध्ये गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी आणली होती आणि पुढे शतकानुशतके जपानच्या रोजच्या स्वयंपाकात बीफला जागा नव्हती. 1872 मध्ये सम्राट मेइजीने बीफ खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे वारे फिरले. निखाऱ्यावर मांस भाजून खाण्याच्या खानावळी मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे राहणाऱ्या कोरियन लोकांनी वाढवल्या. ओसाकातल्या त्सुरुहाशी स्टेशनाबाहेर आजही त्याचा धूर नाकात जातो. कोरियन बुलगोगीत पातळ कापलेले मांस बराच वेळ मसाल्यात ठेवतात आणि सुटलेल्या रसासकट शिजवतात. जपानी पद्धतीत जेवणारा स्वतः एकेक काप जाळीवर टाकतो, भाजतो आणि मग वेगळ्या सॉसमध्ये बुडवून खातो. म्हणजे मसाले दोन: भाजण्याआधी चोळायचा तो मोमिदारे आणि खाताना बुडवायचा तो त्सुकेदारे. आपल्या कृतीत हे दोन्ही एकाच भांड्यात गेले आणि वर आपल्या तंदुरीची रात्रभर मुरवण्याची सवय येऊन बसली.

आता मांस. जपानी सुपरमार्केटमध्ये याकिनिकूसाठी कापलेल्या पुड्या तयारच मिळतात. बरगडीलगतचे चरबीदार मांस म्हणजे कारुबी, पाठीकडचे कमी चरबीचे ते रोसू, पडद्याचे म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या स्नायूचे ते हारामी, आणि जीभ म्हणजे तान. पहिल्यांदा करणाऱ्याने हारामी घ्यावे: चव दाट, किंमत आटोक्यात आणि एखाद-दुसरा काप जास्त भाजला गेला तरी चिवट होत नाही. ए-फाइव्ह दर्जाच्या वाग्यूच्या, म्हणजे खास जपानी जातींच्या गुरांच्या मांसाच्या, मागे लागू नये. त्यातले पाच हे मांसाच्या प्रतीचे, मुख्यतः चरबीच्या जाळीचे, वरचे टोक आहे. घरच्या छोट्या जाळीवर ती चरबी ठिबकत राहते, भडका उडतो आणि चार कापांनंतर तोंडाला मिठी बसते. शिवाय पुडीवर कोकुसान, म्हणजे जपानी उत्पादन, असे छापले असेल तर ते वाग्यू असेलच असे नाही. जपानात वाढलेले दुधाळ जातीचे किंवा संकरित जनावरही त्यात येते. 1991 मध्ये आयातीवरचा कोटा उठल्यापासून तिथे अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन बीफ मुबलक आहे, आणि चोळून भाजण्यासाठी ते उत्तम चालते.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक चौकट आपण टाकायला हवी होती. 2015 च्या दुरुस्तीनंतर राज्यात गाईसोबत बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हशीचे मांस या बंदीत येत नाही. तेव्हा मुंबई-पुण्यात ही कृती करायची तर म्हशीचेच मांस घ्यावे लागेल. खाटकाकडे अंडरकट, म्हणजे पाठीच्या कण्याखालचा मऊ भाग, मागावा. गोव्यातही याच नावाने मिळतो. म्हशीच्या मांसात आतली चरबी फारच कमी, रंग गडद आणि धागा जाड असतो. त्यामुळे काप 5 ऐवजी 3 मिलिमीटरचे करावेत आणि पुढे दिलेल्या मसाल्यात तेल दुप्पट घालावे. दुसऱ्या कुठल्या भागातले चिवट मांस पातळ कापूनही जाळीवर मऊ होत नाही. ते रश्श्यालाच बरे.

खरी करामत कापण्यात आहे, आणि आपल्या कृतीत तिला एक ओळही नव्हती. 500 ग्रॅमचा सलग तुकडा फ्रीझरमध्ये तासभर ठेवावा. बोटाने दाबल्यावर वरून कडक लागला पण मध्ये किंचित दबला, की काढावा. धागे कोणत्या दिशेने धावतात ते पाहून सुरी त्यांना आडवी चालवावी. धाग्याच्या दिशेने कापलेला काप कितीही महागाच्या मांसाचा असो, दातांत दोरीसारखा अडकतो. हारामी 8 ते 10 मिलिमीटर, कारुबी आणि रोसू 5, जीभ 2 ते 3. कापल्यावर ताटात एकावर एक न रचता पसरून ठेवावेत आणि कोऱ्या कागदी रुमालाने दोन्ही बाजूंनी टिपावेत. वर पाणी राहिले, तर आधी ते उकळून उडेपर्यंत पृष्ठभाग 100 अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस रंग यायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. बहुतेक घरी मांस राखाडी पडते ते याच कारणाने.

500 ग्रॅम कापांसाठी मोमिदारे असे: सोया सॉस 45 मिलिलिटर, साके (तांदळाची जपानी दारू) 15, मिरीन (स्वयंपाकात वापरायची गोड तांदळाची दारू) 15, साखर 1 मोठा चमचा, किसलेले सफरचंद 2 मोठे चमचे, वाटलेला लसूण 1 छोटा चमचा, आल्याचा रस अर्धा छोटा चमचा, भाजलेल्या तिळाचे तेल 1 मोठा चमचा, भाजून भरडलेले पांढरे तीळ 1 मोठा चमचा आणि थोडी मिरपूड. मोठा चमचा म्हणजे 15 मिलिलिटरचा, सपाट. पोह्याचा चमचा प्रत्येक घरात वेगळा, त्यावर विसंबू नये. सोया सॉस जपानी कोइकुची, म्हणजे नेहमीच्या गडद, प्रकारचा असावा. त्यात साधारण 16 टक्के मीठ असते, म्हणजे 45 मिलिलिटरमधून 7 ग्रॅमच्या आसपास मीठ मांसाला लागते. बरोबर बुडवायचा सॉस देणार असाल तर 30 मिलिलिटर पुरे. उसुकुची हा दुसरा जपानी प्रकार दिसायला फिका, पण कोइकुचीहून खारट. रंगाला भुलून तो जास्त ओतला की संपले. चिनी डार्क सोया दाट आणि काळपट असतो, तोही इथे चालत नाही. मिरीन न मिळाल्यास 15 मिलिलिटर साकेत 1 छोटा चमचा साखर विरघळवून घ्यावी. आपले नेहमीचे तिळाचे तेल न भाजलेल्या तिळाचे, त्याला तो वास नसतो. तेच वापरायचे तर तीळ चांगले लालसर भाजून दीडपट घालावेत.

तेल सोडून बाकी सगळे आधी वाटीत एकत्र करून साखर पूर्ण विरघळू द्यावी. मग कापांवर ओतून हाताने, एकेक काप सुटा करत, मिनिटभर चोळावे. तेल शेवटी, आधी घातले तर कापांवर थर बसतो आणि सोया सॉस आत शिरत नाही. चोळून झाल्यावर 20 मिनिटे, जाड हारामी असेल तर 30. यापुढे ठेवून फायदा नाही. काप मुळातच 5 मिलिमीटरचा, मीठ तेवढ्यात पोहोचते. रात्रभर ठेवले की मीठ मांसातले पाणी ओढते, मांस आवळते, खारवल्यासारखे घट्ट होते, आणि जाळीवर आतून शिजायच्या आत बाहेरची साखर काळी पडते.

कच्च्या पपईचे तर नावच काढू नये. तिच्यातला मांस मऊ करणारा पपेन शिगकबाबाच्या खिम्याला किंवा म्हाताऱ्या बोकडाच्या मटणाला ठीक आहे. पातळ कापाचा तो तासाभरात लगदा करतो. वरून खरपूस, आत पिठूळ. अननस आणि किवी यांचाही हाच प्रताप. सफरचंद घालतात ते गोडवा आणि वास यांसाठी, मांस मऊ करायला नव्हे. मऊपणा सुरीने आधीच आणलेला असतो.

फ्लॅटमध्ये करायचे तर बिडाचा तवा किंवा बिडाचे ग्रिल पॅन. नॉनस्टिक नको: इथे लागणाऱ्या आचेला त्याचा लेप टिकत नाही आणि त्याचा धूर घातक असतो. तवा मोठ्या आचेवर 5 ते 6 मिनिटे रिकामा तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो न फुटता मोत्यासारखा पळाला, की तवा तयार. तेलाचे नुसते बोट फिरवावे, काप भांड्याच्या कडेला निथळून तव्यावर टाकावेत, एकावेळी पाच-सहाच. जास्त टाकले की तवा थंड पडतो, पाणी सुटते आणि मांस स्वतःच्याच रसात उकडते; एकदा असे झाले की आच कितीही वाढवा, ती फेरी वाया गेली. 5 मिलिमीटरच्या कापाच्या वरच्या बाजूवर रसाचे बारीक थेंब जमले की उलटावा, साधारण 45 सेकंदांनी. दुसरी बाजू 20 ते 30 सेकंद. एकदाच उलटायचे, दाबायचे नाही. दोन फेऱ्यांनंतर तव्यावर चिकटलेला मसाला ओल्या कापडाने, चिमट्यात धरून, पुसून घ्यावा. नाहीतर तिसऱ्या फेरीला जळकी कडवट चव येते.

कोळशावर करायचे तर उघड्यावरच. कोळशाची शेगडी घरात, बंद बाल्कनीत किंवा खिडकी किलकिली करून पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असे मुळीच नाही. टोकियोत निशिकासाईला भारतीयांची वस्ती मोठी आहे. तिथल्यांनी शेजारच्या कासाई रिंकाई उद्यानातली बार्बेक्यूची जागा आधी आरक्षित करावी, इमारतीच्या बाल्कनीवर प्रयोग करू नये. कोळशावर पांढरी राख धरेपर्यंत थांबायचे. जीभ फक्त मीठ लावून सगळ्यात आधी भाजायची आणि लिंबू पिळून खायची, कारण मसाल्याचे काप एकदा जाळीवर पडले की जाळी चिकट होते. चरबी ठिबकून भडका उठला तर पाणी मारू नये, राख उडून मांसावर बसते. जपानी खानावळीत अशा वेळी जाळीवर बर्फाचा खडा ठेवतात, तो हळूहळू वितळून ज्वाळा बसवतो. घरीही हाच उपाय.

आता तिसऱ्या चुकीकडे, जिच्यासाठी खुलासा छापायलाच हवा. 2011 मध्ये जपानात एका याकिनिकू साखळीतल्या कच्च्या बीफच्या पदार्थातून ई. कोलाय जंतूंची विषबाधा झाली आणि पाच जण दगावले. त्यानंतर तिथल्या सरकारने त्याच वर्षी कच्च्या बीफचे नियम कडक केले आणि 2012 मध्ये गाईची कलेजी (यकृत) कच्ची खाण्यासाठी विकायलाच बंदी घातली. ज्या मसाल्यात कच्चे मांस बसले होते, तो मसाला म्हणजे कच्चे मांसच. तो फेकावा, अगदीच जिवावर येत असेल तर पातेल्यात खळखळून 3 मिनिटे उकळून मगच वापरावा. चिमटे दोन हवेत, एक कच्च्याला आणि एक भाजलेल्याला, आणि खायच्या काट्या-चमच्यांनी जाळीवरचे मांस उलटू नये. मध्यभागी 75 अंश एक मिनिट, हा जपानी सरकारचा निकष आहे. आपल्याकडे मांस उघड्यावर, एकाच ठोकळ्यावर कापले जाते. तेव्हा इथे आत गुलाबी ठेवण्याची हौस करू नये. 3 ते 5 मिलिमीटरच्या कापाला पूर्ण शिजायला तसाही फार वेळ लागत नाही.

बुडवायचा सॉस वेगळा करावा. जपानात एबारा कंपनीने 1968 पासून तो बाटलीत विकायला सुरुवात केली आणि घरोघरचे याकिनिकू सोपे झाले. पण घरी केलेला कमी गोड होतो. साके 50 आणि मिरीन 50 मिलिलिटर 2 मिनिटे उकळावे. त्यात सोया सॉस 100 मिलिलिटर, साखर 2 मोठे चमचे, अर्धे सफरचंद आणि पाव कांदा किसून, लसणाची 1 पाकळी वाटून घालावी. मंद आचेवर 5 मिनिटे ठेवून, गार झाल्यावर 1 मोठा चमचा लिंबाचा रस आणि तीळ. काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो. दुसऱ्या दिवशी कांद्याचा उग्रपणा जाऊन जास्त चांगला लागतो. तिखट हवे तर कोरियन गोचुजांग, म्हणजे मिरचीची आंबवलेली पेस्ट, छोटा चमचाभर. लाल तिखट घातले तर ते तळाशी बसते आणि चव कच्ची राहते.

भात जपानी तांदळाचा नसला तर इंद्रायणीचा करावा, किंचित चिकट. बासमतीचे सुटे शीत सॉस धरून ठेवत नाही. सोबत हाताने फाडलेली कोबीची पाने, मीठ आणि तिळाचे तेल लावून.

पुरवणीतली कृती अनेकांनी कापून ठेवली असेल. निदान उरलेल्या मसाल्याबद्दलची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरांत यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
मडगाव, गोवा