आवाज सारखा केल्याशिवाय तुलना कसली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे ध्वनिमुद्रण पारखण्यासाठी वापरतात त्या स्पीकरवरचा लेख वाचला. पाच इंची आणि आठ इंची वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या) दोन जोड्या ऐकून लेखकाने मोठीला पसंती दिली, छोटीला ‘कोरडी’ ठरवलं. पण ऐकताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवला होता का, याचा लेखात कुठेच उल्लेख नाही. हीच चूक माझ्या हातून झाली होती, म्हणून लिहितो आहे.

माझं काम तंबोऱ्याची जवारी काढण्याचं, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणण्याचं. घोडीवरचा दोरा केसभर सरकला तरी तारेचा नाद खुलतो किंवा मिटतो. घरी ऐकतानाही तो फरक कळावा, म्हणून मी मॉनिटरकडे वळलो. मित्राकडून अशाच दोन जोड्या आणल्या. पहिल्या संध्याकाळी आठ इंची लावली आणि तंबोरा खोलीभर पसरला. पाच इंची अगदी किरकोळ वाटली. दोन दिवसांनी मोबाइलवर आवाज मोजणारं अ‍ॅप घेऊन खुर्चीत बसलो, दोन्हींवर पिंक नॉइज, म्हणजे चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट, लावला. मोठी जोडी तीन डेसिबलने वर होती!

कान एवढ्यानेही फसतो. शिवाय आवाज कमी झाला की आधी खर्ज पातळ होतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे 1933 मध्येच मोजून दाखवलं आहे. म्हणजे हळू वाजणारी जोडी ‘कोरडी’ वाटणारच. मागच्या बटणांनी दोन्ही जोड्या समान केल्या, कोणती लावली ते मला न सांगता जोड्या बदलायला मुलीला सांगितलं, आणि माझा पहिला निकाल टिकला नाही.

तरी खर्जाची तार छेडली की दोन्ही जोड्या घुमत होत्या. काळी एकच्या (पेटीतल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) षड्जाला ती तार सुमारे 69 हर्ट्झवर बोलते. माझी खोली अडीच मीटर रुंद, आणि एवढ्या अंतरावरच्या दोन भिंतींमध्ये पहिला घुमारा नेमका 69 हर्ट्झच्या आसपास येतो. तो भिंतीलगत सर्वांत जोरात असतो, आणि मी भिंतीला पाठ टेकून बसत होतो. मोठ्या जोडीचा ‘भरदारपणा’ म्हणून ज्यावर मी खूश होतो, त्यातला बराचसा खोलीचा होता. खुर्ची तीन फूट पुढे घेतली. पंचम, जोड, खर्ज वेगवेगळे सुटे झाले आणि जवारीची ती बारीक झिलई प्रत्येक तारेवर दिसू लागली. दोन जोड्यांतल्या फरकापेक्षा खुर्चीने पाडलेला फरक मोठा होता, हे मी ठामपणे सांगतो.

जोड्यांमध्ये फरक उरला, नाही असं नाही. आठ इंची अधिक खाली उतरते. पखवाज ऐकणाऱ्याने तीच घ्यावी. जेमतेम सव्वा मीटरवरून गायकाचा आवाज मात्र पाच इंचीवर मला जास्त एकसंध वाटला. आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर आतच असतो, त्यामुळे इतक्या जवळून ट्विटरची (उंच स्वर वाजवणाऱ्या भागाची) बारीक सूं-सूं ऐकू येऊ शकते. आलापातल्या दोन जागांमधल्या शांततेत ती फार खुपते. माझ्याकडच्या एका जोडीत ती होती. रात्री, काहीच न वाजवता, कान देऊन तपासावं.

मॉनिटर घरात रुक्षच वाटतात, हे लेखकाचं विधान तर अजिबात पटलं नाही. स्टुडिओंमध्ये गाजलेला यामाहाचा पांढऱ्या वूफरचा एनएस-10 हा 1978 मध्ये घरगुती स्पीकर म्हणूनच आला होता. उलट बीबीसीने प्रसारणाच्या गाड्यांसाठी घडवलेला एलएस3/5ए हा मॉनिटर पुढे असंख्य रसिकांच्या घरी गेला.

पुढची तुलना छापताना आवाजाची पातळी, स्पीकर आणि खुर्ची भिंतीपासून किती लांब होते आणि खोलीची मापं, एवढं तरी सोबत द्यावं, ही विनंती.

आपला,
पुरवणीचा एक नियमित वाचक