आजीच्या लाटण्याचं पेन

काका,

शनिवारी आईला ते पेन दिलं, तुमच्याकडे लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, केलेलं. तिने ते तळहातावर वजन केल्यासारखं हलवलं, फिरवून टोक बाहेर काढलं आणि पेपरच्या कडेला दुधाचा हिशोब मांडला. फोनवर आभार मानले असते तर ‘बरं बरं’ म्हणत तुम्ही फोन ठेवला असता, म्हणून हे जाहीर पत्र.

गेल्या वर्षी मावशीसाठी केलेलं पेन तुम्ही पाहिलंत. किट, म्हणजे लाकडाला जोडायचे पेनचे धातूचे भाग, मी फोटो बघून मागवलं होतं, सोनेरी आणि स्वस्त. चार महिन्यांत क्लिपवरचं आणि बोटं टेकतात तिथलं सोनं उडालं, आतला पांढुरका धातू दिसायला लागला. लाकूड मात्र होतं तसंच. मावशी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणून या वेळी ‘चांगलं किट कुठलं?’ असं विचारत आले, तर तुम्ही उलट विचारलंत, ‘आईची बोटं कशी आहेत?’ संधिवात आहे म्हटल्यावर एक बारीक पेन माझ्या हातात देऊन दहा ओळी लिहायला लावल्यात. मी त्याच, लाकडाच्या आत ७ मिमीची नळी बसणाऱ्या ‘स्लिमलाइन’ किटवर अडून बसले होते, नाजूक दिसतं म्हणून. मग १० मिमीच्या नळ्यांचं जाडजूड ‘सिगार’ दिलंत. मूठ न आवळता लिहिता येत होतं.

दुसरा प्रश्न रिफिलचा. स्लिमलाइनला क्रॉस कंपनीच्या पद्धतीची लागते, ती आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. सिगारला पार्करची चालते. रिफिलसाठी आईने माझ्या तोंडाकडे बघायचं, हे मला सुचलंच नव्हतं.

मुलाम्याचं तर तुम्ही एका वाक्यात संपवलंत: २४ कॅरेट सोनं मऊ, थर बारीक, घामाने आणि घासून जाणारच. सोनेरीच हवं तर टायटॅनियम नायट्राइडचा कठीण सोनेरी मुलामा घे, नाहीतर क्रोम. मी क्रोम घेतलं. पैसे दुपटीहून जास्त गेले, पण रिफिलचं टोक बोटाने हलवलं तर खटखट करत नाही. तेही बघायचं असतं, हे तुमच्याकडेच कळलं.

आणि लाटणं! आजीचं शिसमाचं, एका टोकाला तडकलेलं. ड्रिल तापलं तेव्हा मला पोळीचा वास आला. तुम्ही म्हणालात, ‘लाकूड करपतंय, ड्रिल बाहेर काढ, भुसा झटक.’ इतकी वर्षं तेल-तूप प्यालेलं लाकूड गोंद धरेना. ॲसिटोनने पुसून, पितळी नळ्या पॉलिश पेपरने खरबरीत करून एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद, लावायला तुम्हीच सांगितलंत. लेथवर शेवटचा हात मारताना तुम्ही मागे उभे होतात आणि लाकूड-धातूच्या सांध्यावरून नख फिरवून दाखवायचात. तीनदा अडकलं, चौथ्यांदा सरकलं.

तडकलेल्या बाजूचा चार बोटं तुकडा उरलाय. रविवारी घेऊन येते. आई पुरणपोळ्या देणार आहे तुमच्यासाठी, नव्या लाटण्याने लाटलेल्या. ते तिला अजून पसंत नाही.

तुमची,
लेथवर रविवारी येणारी