मे महिन्यात घरी येणार नाही

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की आई रडते आणि बाबा गच्चीवर निघून जातात, म्हणून लिहितेय. पुण्यात तळमजल्यावर घर घेतलंय, भाड्याने. डिपॉझिटही भरून झालं. सोलापूरला कायमची येत नाही.

बाबा, तुम्ही माझ्यासाठी खालची खोली रिकामी केलीत, माग मोडीत काढलात, उंबरा उखडलात, हे दादाने सांगितलं. तो माग तरी ठेवायचा होता हो.

ही सबब नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे मज्जातंतूंवरचं आवरण ठिकठिकाणी गेलंय, वायरचं रबर सोलल्यासारखं. अंगात अर्धा अंश उष्णता वाढली तरी पायाला निरोप पोचत नाही. गार झालं की पोचतो. आपल्याकडे मेमध्ये पारा 43 वर जातो. गेल्या वर्षी कढत पाण्याने अंघोळ केली आणि न्हाणीतून उठता येईना, तेव्हा दार कुणी तोडलं ते आठवा.

आई, "तू तेव्हा सांगितलंच नसतंस तर उडत राहिली असतीस" असं तू एकदा म्हणालीस. रागाने नव्हे, मला ठाऊक आहे. पण त्या सकाळी हेलिकॉप्टरमधला लाल दिवा डाव्या डोळ्याला विटका दिसला. आपल्या चादरीचा लाल वीस वर्षं धुऊनही तसा होत नाही. मागे जवान बसणार होते. कशी गप्प बसू?

आता पुण्यात इतरांचे अपंगत्वाच्या दाखल्याचे फॉर्म भरते. हसू नका. हा आजार असलेल्यांना खिडकीवर ऐकावं लागतं, "तुम्ही तर धडधाकट दिसता." थकवा दिसतो थोडाच! 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते. 2016 च्या कायद्यात 21 आहेत आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. ते पान मी पिशवीतच ठेवते. अक्कलकोटकडच्या एका मुलीला तिसऱ्या खेपेला दाखला मिळाला. त्या दिवशी पहिलं सोलो उड्डाण झालं तेव्हासारखी भूक लागली मला.

घरात एसी आहे, न्हाणीत धरायला दांडे बसवलेत, मावशी दोन वेळा येतात. भाकरी त्यांना जमत नाही, तेवढं सोडून सगळं ठीक. पहाटे नळ यायचा तेव्हा मी तुझा पदर धरून उभ्याउभ्या झोपायचे ना, आई? अजून चारला जाग येते.

आणि हो, पाण्याच्या दिवशी बाबांनी दोन कळश्या एकदम उचलायच्या नाहीत. मोटर बसवा, पैसे पाठवलेत. बीपीची गोळी "बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. आई, गुडघ्याचा एक्स-रे या आठवड्यात, मला फोटो पाठव.

गड्ड्याला, सिद्धेश्वरांच्या जत्रेला, नक्की येते, जानेवारीत ऊन सोसवतं. अक्षता सोहळ्याला व्हीलचेअर आणीन. लोक विचारतील, विचारू देत, उत्तर मी देईन. बाबा, खुर्ची मात्र मी सांगेन तेव्हाच ढकलायची.

दादाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठव. माझ्या आजाराच्या धास्तीने लसूण कमी करू नकोस, डॉक्टर लसणाबद्दल काही बोललेले नाहीत.

तुमची,
छकुली